निळ्या पुस्तकातले पंचावन्न साल

सुज्ञ वाचकहो! प्रस्तुत कथेत एका जुन्या पुस्तकाचे वय कसे शोधले गेले, त्या शोधापायी एका भल्या गृहस्थाच्या मनात स्वतःच्या पत्नीविषयी संशयाने कसे ठाण मांडले, आणि त्या संशयाचा निकाल अखेरीस एका कागदाच्या कडेवर कसा लागला, याचे यथामती वर्णन करण्याचे योजिले आहे. कथेत खून नाही, दरोडा नाही, पळापळ तर मुळीच नाही. तथापि जे घडले ते एका संसाराचे छप्पर उडवण्यास पुरेसे होते. म्हणून वाचकांनी शेवटच्या ओळीपर्यंत सोबत करावी, अशी आरंभीच विनंती आहे. शेवटच्या ओळींत वाचकांकडे एक कामही आहे.

कथेचे नायक जुन्या पुस्तकांचे दुकानदार. त्यांना सारे शहर 'सालवाले' म्हणे. दाराशी कुणी पुस्तक घेऊन आला, की ते आधी पुस्तकाचा वास घेत, मग अंगठ्याने पाने सर्रकन सोडत, मग शेवटची चार पाने उलगडत आणि चष्म्यावरून पाहत सांगत, "त्रेपन्न. फार तर चोपन्नचा आरंभ." समोरचा म्हणे, "अहो, पण आत तर अठ्ठेचाळीस छापलंय!" त्यावर सालवाले दया आल्यासारखे हसत.

या हसण्याचे कारण सांगणे अगत्याचे आहे. जगातील नामांकित जुनी पुस्तके स्वस्तात पुनःपुन्हा छापणारी एक माला त्या काळी फार लोकप्रिय होती. पहिल्या पानावर पेटत्या दिव्याचे चित्र असे, म्हणून लोक तिला 'दिव्याची माला' म्हणत. प्रकाशकाची खोड अशी, की पुस्तक कितीही वेळा छापले तरी पानावर साल पहिल्या छपाईचेच ठेवायचे. त्यामुळे अठ्ठेचाळीस साल छापलेले पुस्तक पासष्टातही निघालेले असू शके. खरे साल काढायचे तर खुणा पाहाव्या लागत. छप्पन्नपर्यंत मालेची बांधणी लाल कापडात होई, त्यानंतर निळ्या. अठ्ठावन्नात प्रकाशकाने जागा बदलली, तेव्हा पत्ता बदलला. आणि सगळ्यांत पक्का साक्षीदार म्हणजे पुस्तकाच्या शेवटी छापलेली मालेतील पुस्तकांची यादी. यादी ज्या क्रमांकावर थांबते, त्या क्रमांकाचे पुस्तक ज्या साली प्रथम निघाले, त्याच्या आधीची ती प्रत असूच शकत नाही. सालवाल्यांनी या साऱ्या खुणा एका जाड वहीत उतरवल्या होत्या आणि ती वही ते कुणाच्या हाती देत नसत.

त्यांच्या मेजावर तीन वस्तू सदैव असत. एक भिंग, एक कापडी टेप आणि एक पोलादी पट्टी. पट्टीच्या टोकाला जुनी खाच पडली होती. दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनची ती पट्टी. तिने ते पुस्तकांची उंची मोजत. पुस्तकाचे पहिले कोरे पान कुणी फाडलेले दिसले, की त्यांच्या कपाळाची शीर उठे. "नाव लिहिलेलं पान फाडतात, लेकाचे! अहो, पुस्तकाचा जन्मदाखलाच तो!" असे ते गिऱ्हाइकाला ऐकवीत. ते गिऱ्हाईक बिचारे नुसते वेळ घालवायला आलेले असे.

दुकानाच्या वरच दोन खोल्यांत त्यांचे बिऱ्हाड होते. मूलबाळ नव्हते. पती, पत्नी आणि जिन्यापर्यंत चढत आलेली पुस्तके, एवढाच संसार.

एके दिवशी सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाई दुकानी आल्या. दिव्याच्या मालेचे प्रदर्शन भरवायचे होते. काचेच्या पेट्या, प्रत्येक पुस्तकापुढे चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खरे साल. "साल तुम्हीच लिहायचं," बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळीच अठ्ठेचाळीसची आहेत." सालवाले मनातून फुलले. कोणती प्रत कुठे मिळेल याची त्यांनी तोंडपाठ उजळणी केली आणि सतराव्या क्रमांकाशी येऊन थांबले. सतरावे पुस्तक म्हणजे समुद्रप्रवासाची एक जुनी कादंबरी. तिची लाल कापडातली प्रत त्यांना कित्येक वर्षांत दिसली नव्हती. पण ती त्यांच्या घरातच होती!

त्यांच्या पत्नीचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ऐन उमेदीत परगावी तापाने गेला. ते साल छप्पन्न. त्याच्या आदल्या वर्षी त्याने बहिणीला हे पुस्तक दिले होते, असे पत्नीने लग्नानंतर लगेच, म्हणजे सत्तावन्नात, सांगितले होते. पहिल्या पानावर दादाच्या अक्षरात दोन ओळी आणि खाली पंचावन्न साल. पुढे पुस्तकाला शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांसारखे जाड तपकिरी कागदाचे कव्हर चढले होते आणि ते कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, लोकरी कपड्यांच्या घडीत असे. सालवाल्यांनी लग्नाच्या पहिल्या दिवसांत ते एकदाच उघडलेले पाहिले होते. पुढे स्वतःच्या घरातले एकच पुस्तक त्यांनी कधी तपासले नाही.

ते तसेच वर गेले. पत्नी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करीत होती.

"अगं, तुझ्या कपाटातलं ते सतरा नंबरचं जरा काढून दे. प्रदर्शनात ठेवू."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? दादाचं. पंचावन्नचं. लाल कापडातलं अख्ख्या शहरात कुणाकडे नसेल."

तिचा घडी घालणारा हात थांबला. "ते नको."

"का नको?"

"लोक हाताळतील."

"काचेच्या पेटीत असणार ते."

"काच फुटते."

"आणि फुटली तर पुस्तकाला काय होतंय?"

"तुमच्याकडे दुकानभर पुस्तकं आहेत ना? मग माझ्या एका फळीवर कशाला डोळा?" असे म्हणून तिने त्यांचाच सदरा त्यांच्या हातात ठेवला. "हा घ्या. बटण तुटलंय, तेवढं दुकानात शोधा. परवा तिथंच पडलं."

सालवाले खाली आले. बटण सापडले, पण मनातले काही जागचे हलले. सत्तावीस वर्षांच्या संसारात पत्नीने त्यांना नकार पुष्कळ दिले होते, पण प्रत्येक नकाराला हसण्याची झालर असे. या नकाराला ती नव्हती. ज्या गृहस्थाला छापलेल्या सालावर विश्वास ठेवायची सवय नाही, तो सांगितलेल्या कारणावर तरी का ठेवील? लोक हाताळतील! काच फुटते! ही कारणे त्यांना पुस्तकाच्या पाठीवर नंतर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी वाटली. नखाने उचकटून पाहावी अशी.

तिसऱ्या दिवशी पत्नी दाढ दाखवायला दंतवैद्याकडे गेली. दोन तास तरी लागणार होते. सालवाल्यांनी भर दुपारी दुकानाचे दार लोटून घेतले आणि आपल्याच घरात चोरासारखे जिना चढले. लोकरी कपड्यांतून पुस्तक काढले. खिडकीशी बसले. तपकिरी कव्हर हलकेच सोडवले.

आतले कापड निळे होते.

त्यांनी डोळे मिटून उघडले. निळेच. म्हणजे छप्पन्ननंतरचे. त्यांनी पहिले छापील पान पाहिले: पत्ता नवा. म्हणजे अठ्ठावन्ननंतरचे. शेवटची यादी पाहिली: एकशे चाळीसवर थांबलेली. एकशे चाळिसावे पुस्तक निघाले एकसष्टात. हे सांगायला त्यांना वहीची गरज नव्हती. आणि कोऱ्या पानावर, फिक्या झालेल्या निळ्या शाईत, लिहिले होते:

'हे आता तुझं. मी परत मागणार नाही. तूही कुणाला देऊ नकोस.'

खाली पंचावन्न साल. नाव नाही, सही नाही.

 छप्पन्नात वारलेल्या माणसाने एकसष्टात छापलेल्या पुस्तकावर लिहायचे तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. म्हणजे लिहिणारा दादा नव्हे. लिहिणारा दुसराच कोणीतरी, जो एकसष्टात हयात होता, जो परत मागणार नव्हता, ज्याला नाव घालण्याची सोय नव्हती, आणि ज्याने लग्नाआधीचे साल घालून सर्वांच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

त्यांनी भिंग लावले. आता त्यांच्यातील नवरा मागे सरला आणि जाणकार पुढे आला.  लेखाचे पान जाड आणि पिवळट, आतली पाने पातळ आणि पांढरी. पानावर तांबूस डाग होते, पण समोरच्या पानावर त्यांचा ठसा नव्हता. पान पुस्तकाबरोबर शिवलेलेच नव्हते! कुणीतरी ते मागाहून आणून बारीक मलमलीच्या पट्टीने आत चिकटवले होते. जुना दिसणारा कागद मुद्दाम मिळवून त्यावर जुने साल घालणे, ही लबाडी त्यांनी धंद्यात दोनदा पकडली होती. आपल्या कपाटात तिसरी निघेल असे मात्र त्यांच्या स्वप्नात नव्हते. पानाची मागची बाजू उजेडात धरली तर तिथे शिसपेन्सिलीने काही लिहून खोडरबराने पुसलेले. चार ओळी असाव्यात. अक्षर लागेना. न पुसता ठेवण्याजोगे असते तर पुसले कशाला असते?

आणि ती मलमलीची पट्टी! तिच्या दोन्ही टोकांना तिरका काप होता. असा काप शहरात एकच माणूस देई.

मागच्या गल्लीत एका बांधणीवाल्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पुस्तके दाबायचे दोन शिकंजे, शिवणीची एक चौकट आणि खळीचे पातेले. त्याच्या हाताला, सदऱ्याला, किंबहुना सावलीलाही खळीचा वास येई, म्हणून लहानथोर त्याला 'खळकाका' म्हणत. एकसष्टात तो तिशीचा, अविवाहित होता आणि बांधायला आलेल्या पुस्तकांतल्या कविता मोठमोठ्याने म्हणत असे. त्या वेळी हे सर्वांना गमतीचे वाटे. आता सालवाल्यांना त्यात गंमत दिसेना. त्यांनी घाईने कव्हर चढवून पुस्तक घडीत परत ठेवले आणि खाली जाऊन खळकाकाने पुस्तकांत घातलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि अक्षराशी अक्षर ताडून पाहिले. अक्षर तिरके होते. पुस्तकातलेही तिरके होते. अर्ध्या शहराचे अक्षर तिरके होते, परंतु ते त्या क्षणी कोण लक्षात घेतो?

संध्याकाळी पत्नी गाल धरून आली. "दाढ काढली. दोन दिवस बोलायचं नाही म्हणालेत."

"बरं आहे," सालवाले म्हणाले.

"काय बरं आहे?"

"न बोलणं. काही लोकांना ते चांगलं जमतं."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि कपाटाच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सालवाले मेहुणीकडे गेले. ती पत्नीची धाकटी बहीण. शिवणयंत्रावर बसलेली आणि तोंडात टाचण्या धरून बोलण्यात तरबेज.

"भावोजी! आज वाट चुकलात की ताईनं घराबाहेर काढलं?"

"जवळून जात होतो. एक विचारायचं होतं. दादाचं एखादं पत्र आहे का तुझ्याकडे? अक्षर पाहायचं होतं."

टाचण्या तोंडातून बाहेर आल्या. "दादाचं अक्षर? नाही हो. आईनं सगळे कागद त्याच्याबरोबरच अग्नीला दिले. घरात त्याचं एक अक्षर उरलं नाही. ताईच्या त्या पुस्तकावर आहे तेवढंच. लग्नाच्या पेटीत मी माझ्या हातानं ठेवलं होतं."

"तू पाहिलं होतंस? कसं होतं?"

"कसं म्हणजे? पुस्तकासारखं! लाल. लालभडक. आणि आम्ही भांडायचो त्याच्यावरून. दादा म्हणायचा, तू लहान आहेस, कोपरे चावशील."

"लालच? निळं नाही?"

"मी शिवणारी बाई आहे, भावोजी. रंग मला विचारा, सालं तुम्ही सांगा." मग ती एकदम थांबली. "का हो? ताईचं पुस्तक बरं आहे ना?"

"बरं आहे," असे म्हणून सालवाले उठले. पाणीसुद्धा न पिता निघाले.

म्हणजे पुस्तके दोन होती! दादाचे लाल पुस्तक खरे. ते पत्नीने कुणाला तरी दिले. आणि त्या कुणीतरी तिला निळे दिले, वर लिहिले, 'तूही कुणाला देऊ नकोस'. देवाणघेवाण झाली होती. भावाची एकुलती एक आठवण जिने देऊन टाकायला लावली, ती ओढ केवढी असेल! सालवाले रस्ताभर हाच हिशेब जुळवत राहिले, आणि दुर्दैव असे की तो प्रत्येक वेळी जुळत गेला.

घराच्या कोपऱ्यावर पोहोचले तर समोर काय? पत्नी मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी. तिच्यासमोर खळकाका, कोपरापर्यंत खळीने माखलेला. दोन दिवस बोलायचे नाही अशी जिला वैद्याची आज्ञा, ती हातवारे करून बोलत होती. खळकाकाने मान हलवली. मग दोघांचे लक्ष सालवाल्यांकडे गेले आणि दोघेही एकाच वेळी गप्प झाले.

त्या दिवशी सालवाल्यांनी ताटाला हात लावला नाही. "भूक नाही," म्हणाले. पत्नीनेही आग्रह केला नाही. त्यांनी तोही पुरावा धरला.

सकाळी पत्नी आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी पुस्तक पिशवीत टाकले. मेजावरचे भिंग, टेप आणि पट्टीही सवयीने बरोबर घेतली. ते तडक मागच्या गल्लीत गेले. खळकाका एका शब्दकोशाची पाठ ठोकून गोल करीत होता.

"या, सालवाले. बसा. ते स्टूल नको, त्याला खळ लागलीय."

"बसायला आलो नाही." त्यांनी पुस्तक मेजावर आपटले. "हे काम तुमचं?"

खळकाकाने हात पुसले, पुस्तक उघडले, मलमलीच्या पट्टीवरून बोट फिरवले. "माझंच. तेव्हा हात बरा होता. आता एवढा बारीक काप जमत नाही."

"आणि मजकूर? तोही तुमच्याच हातचा?"

खळकाकाचे तोंड उघडे राहिले. मग त्याला जे वाटले ते चेहऱ्यावर उमटले, आणि ते राग की हसू हे त्यालाही ठरवता आले नसावे. "माझ्या हातचा? सालवाले, मी आजवर कुणाला चार ओळींचं पत्र लिहिलं असतं तर एव्हाना माझीही चूल दोघांची झाली असती!"

"उडवाउडवी नको. तेवीस वर्षं तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय. काल गल्लीत काय ठरलं?"

"काल तुमच्या घरच्या बाई म्हणाल्या, ते विचारायला येतील. म्हटलं, मग सांगू का? तर म्हणाल्या, सांगू नका. त्यांना सांगितलेलं पटत नाही. दाखवा."

"काय दाखवा?"

 खळकाकाने खिडकीजवळच्या मेजावर जाड काच ठेवली, ओला स्पंज आणला आणि मलमलीच्या पट्टीवर टिपून टिपून ओल दिली. पट्टी सैल व्हायला पाव तास लागला.  शिकंज्यात दाबलेली पुस्तके करकरत होती, एवढाच आवाज. मग त्याने हाडाच्या पट्टीने मलमल उचलली, पान मोकळे केले आणि काचेवर उलटे ठेवले.

"आता ती कड पाहा. मलमलीखाली होती ती. ही फाड कुणाच्या हातची, तेवढं सांगा. तुम्ही जाणकार आहात."

सालवाल्यांनी भिंग लावले. पान पुस्तकातून फाडलेले होते. वेडेवाकडे नव्हे, पट्टी धरून, एका झटक्यात, वरून खाली. कड सरळ आली होती. फक्त तळाशी, शेवटच्या बोटभर जागेत, एक लहानसा दात पुढे आला होता. टाचणीच्या डोक्याएवढा. जिथे पट्टी पूर्ण सरळ नसेल, जिथे तिला खाच असेल, तिथेच कागद असा राहतो.

त्यांनी भिंग खाली ठेवले. पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि काचेवर पानाच्या कडेला भिडवली. दात खाचेत बसला.

"हे... हे मी?" सालवाले म्हणाले.

"मागची पेन्सिलही वाचून घ्या. तिरपा उजेड धरा म्हणजे लागेल."

खिडकीचा उजेड तिरपा पडताच पुसलेल्या ओळींचे खळगे उमटले. अक्षर दुसऱ्या कुणाचे नव्हते, त्यांचे स्वतःचेच होते. खिळे. सुतळी. मेणबत्त्या दोन. खळ मागच्या गल्लीतून.

वाचकहो, मनुष्य जे विसरतो ते नाहीसे होत नाही. सालवाल्यांना सारे आठवले, एका क्षणात. दुकान नवे होते. गिऱ्हाइकांना दुसऱ्याचे नाव घातलेले पुस्तक नको असे, म्हणून ते रोज सकाळी आलेल्या पुस्तकांची नावे लिहिलेली पाने पट्टी धरून फाडून टाकीत. न वाचता. वाचायला सवड कुणाला होती? फाडलेल्या पानांची मागची बाजू कोरी असे. ती वाया जाऊ नये म्हणून ते तिच्यावर बाजाराची यादी करून पत्नीच्या हाती देत. त्या दिवसांत पत्नी दुपारी दुकान सांभाळी आणि मेजाशी बसून वाची. तिने आपले पुस्तक मेजावर ठेवले असणार आणि ती वर गेली असणार. मेजावरचे पुस्तक म्हणजे विकायचे पुस्तक. त्यांनी पान फाडले, पुस्तक मांडणीत लावले, आणि भावाने बहिणीला लिहिलेल्या ओळींच्या पाठीवर खिळे-सुतळीची यादी लिहून तो कागद तिलाच दिला.

"बाई इथं खळ न्यायला आल्या," खळकाका हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा यादी हातात होती. मी म्हटलं, पलीकडं काय लिहिलंय? त्यांनी कागद उलटला आणि तिथंच बसल्या. त्या खळ लागलेल्या स्टुलावर. नंतर यादी पुसली आणि नव्या पुस्तकांच्या दुकानातून ही निळी प्रत आणली. म्हणाल्या, यात बसवा, आणि यांना कळू देऊ नका."

सालवाले घरी आले तेव्हा पत्नी सदऱ्याला बटण लावत होती. त्यांनी मोकळे झालेले पान आणि निळे पुस्तक तिच्यापुढे ठेवले आणि ते समोर बसले. 

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? त्या दिवशी तुम्ही दोन-दोन पायऱ्या चढत वर आलात. म्हणालात, आज मांडणीतलं समुद्राचं पुस्तक पहिल्याच माणसानं उचललं, आता हे दुकान चालणार! तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलात." तिने दोरा दाताने तोडायला घेतला, दाढ आठवून कात्री उचलली. "यादी तर माझ्या मुठीत होती."

"विचारलं असतंस तर गिऱ्हाईक शोधलं असतं."

"विचारलं होतं. आडून. म्हटलं, कोण होता हो तो? तुम्ही म्हणालात, रेनकोटवाला होता, परगावचा असावा."

 सालवाले म्हणाले, "पानं फाडणं मी त्याच वर्षी बंद केलं. मला वाटायचं, ते माझं मलाच सुचलं."

"तुम्हांलाच सुचलं. मी फक्त आठ दिवस रोज म्हणत होते, की लोकांची नावं फाडू नका, बरं दिसत नाही."

"आणि मी... मला वाटलं, की तू..."

"काय वाटलं ते ठाऊक आहे. कव्हर उलटं घातलंत, तेव्हाच कळलं. पण कुणावर संशय घेतलात ते नाही कळलं. कुणावर?"

सालवाल्यांनी मागच्या गल्लीकडे बोट केले.

ती गाल धरून इतकी हसली की तिला दुखले. "खळकाका? अहो, तो वास! निदान माणूस तरी बरा निवडायचात!" हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ते हसण्यामुळे नव्हते हे सालवाल्यांना कळले. त्यांनी हात पुढे केला. तिने तो लगेच धरला नाही. थोड्या वेळाने धरला.

"क्षमा कर," ते म्हणाले.

"फाडल्याबद्दल केव्हाच केली. या चार दिवसांची बघू. अजून दाढ दुखतेय."

मग तिनेच सांगितले, की पुस्तक प्रदर्शनात ठेवा. पण चिठ्ठी खरी लिहा. सालवाल्यांनी तीन कागद वाया घालवून चिठ्ठी लिहिली. क्रमांक सतरा. पुस्तक एकसष्टचे. आतील हस्तलिखित पान पंचावन्नचे, दुसऱ्या प्रतीतील. ती प्रत लाल कापडाची असून दुकानदाराच्या चुकीने विकली गेली. पान फाडणारा दुकानदार मीच. खाली सही. ग्रंथपालबाई वाचून म्हणाल्या, "एवढं कशाला लिहिता? साल पुरे आहे." सालवाले म्हणाले, "साल अर्धंच आहे, बाई." पुस्तकाशेजारी, काचेच्या पेटीत, त्यांनी ती खाचेची पट्टीही ठेवली.

प्रदर्शन आठ दिवस चालले. दोन माणसांनी घरून लाल सतरा नंबर आणून दाखवले. एकाचे पहिले पान शाबूत होते. दुसऱ्याचे फाडलेले होते. सालवाल्यांनी आतला फाटका काठ पाहिला, पण तो हाताने ओढून फाडलेला निघाला. पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "चला, एक कमी झालं." त्या दिवसापासून दिव्याच्या मालेतले कुठलेही लाल पुस्तक दुकानात आले, की सालवाले आधी यादी पाहत नाहीत, पत्ता पाहत नाहीत. ते पहिले पान उघडतात आणि तळाशी शिल्लक राहिलेल्या काठात टाचणीच्या डोक्याएवढी खोबण आहे का, हे बघतात. त्या दोघांनी वहीत पहिल्या पानावर हीच खूण लिहिली आहे. तीही पत्नीच्या अक्षरात.

येथे कथा संपते. सालवाल्यांच्या मनात काय चालले होते ते त्यांनी मला स्वतः सांगितले आणि लिहिण्यास उभयतांनी अनुमती दिली. आता वाचकांकडे मागणे असे. आपल्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत वा माळ्यावर, लाल कापडातले समुद्राचे पुस्तक असेल, तर त्याचे पहिले पान आहे की नाही ते पाहावे. नसेल, तर उरलेल्या काठाच्या तळाशी बोट फिरवावे. खोबण लागली, तर ते पुस्तक कुणाचे आहे हे आता आपणांस ठाऊक आहे. बांधून द्यायला मी आहेच.

माझे शिक्षण बेताचे. वाचन आहे ते बांधायला आलेल्या पुस्तकांचे, आणि त्यांतली शेवटची पाने बहुधा गळालेली असत. त्यामुळे कथेचा शेवट कसा करावा हे मला नीटसे ठाऊक नाही. उणे-अधिक पदरात घ्यावे. इथवर वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
खळकाका, पुस्तकबांधणीवाला